नीलिमाचा भिक्षू

हायडेलबर्ग

प्रिय मनोरमा,

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. इथं येऊन दीड महिना होत आला. रोज लिहायला बसतो आणि वाटतं, पत्र इचलकरंजीला पोहोचेपर्यंत इथं काही भलतंच घडलं तर? म्हणून आणखी एक दिवस थांबतो. फोन होतात आपले, पण नीलिमाचं नाव काढलं की तुझी भाजी करपायला लागते. कागद वाचताना तरी तुला गॅसकडे धावता येणार नाही. गॅसवरून आठवलं, रात्री सिलिंडरचा खटका बंद करतेस ना? मागच्या दाराची कडीही बघत जा.

माझं बरं चाललंय. थंडी आहे, पण पोरीनं दोन स्वेटर घालून माझं गाठोडं केलंय. सकाळी नदीकाठानं फिरतो, हरवू नये म्हणून पुलापर्यंतच. तिला विद्यापीठातून यायला उशीर झाला की मी खिडकीपाशी जाऊन उभा राहतो. ट्राम उलटली असेल, पोलिसांनी धरलं असेल, दवाखान्यात नेलं असेल. परवा ती घरात शिरल्या शिरल्या मी हे सगळं बोलून दाखवलं, तर हसत म्हणाली, "बाबा, तुमच्या काळजीत माणसं फार. पोलीस, डॉक्टर, ड्रायव्हर. एवढ्यांना जेवायला कोण घालणार? ट्राम उशिरा आली, बस. माझ्या भिक्षूनं हेच सांगितलंय, एका कारणात भागत असेल तर दहा काढू नयेत."

तिचा भिक्षू म्हणजे ज्याच्या नावानं तू बोटं मोडतेस तोच. लुडविग्सहाफेनची रसायनाच्या कारखान्यातली चांगली नोकरी सोडून पोरगी मेलेल्या पाद्र्याच्या नादी लागली, असं तू म्हणालीस, आणि तेव्हापासून तिच्याशी अबोला धरलास. मलाही तेव्हा पटलं नव्हतंच. पण ज्याच्यावर तिनं इथल्या विद्यापीठात प्रबंध लिहिला, त्याची आता मला थोडी माहिती झालीय, म्हणून सांगतो. विल्यम त्याचं नाव, इंग्लंडातल्या ऑकम गावचा. सातशे वर्षांपूर्वीचा. त्याच्या पंथाचे लोक आपल्याकडे माधुकरी मागतात तसे भिक्षेवर जगणारे. तर्कशास्त्रात असा तेज की मोठमोठ्यांची बोलती बंद करायचा. त्याच्या लिखाणावरून पोपनं चौकशीला बोलावलं, तिथं पोपशीच वाद झाला, मग एका रात्री दोघातिघांबरोबर पळाला आणि इथल्या बादशहाच्या आश्रयानं म्युनिकला राहिला तो मरेपर्यंत. घरी परत गेलाच नाही. हे ऐकून मला त्याच्या आईची काळजी लागली. नीलिमा म्हणाली, "बाबा, आता तिचीही?"

आता तुला हसायला येईल असं सांगतो. नीलिमा दर गुरुवारी एका मठात जाते. जुन्या पोथ्या तिथं आहेत, असं ती सांगायची. माझं मन काही मानेना. केस बारीक कापलेले, दागिना एक नाही, खाणं साधं. शेजारच्या वहिनी तुला म्हणाल्या होत्या ना, पोरगी जोगीण होणार बघा, तेच डोक्यात बसलं. जवळच्या कार्ल्सरूहे शहरात सिद्धेश म्हणून पुण्याचा मुलगा आहे, कॉम्प्युटरवाला, तिचा मित्र. त्याला गाडी काढायला लावली आणि तिला न सांगता थेट मठ गाठला. तपकिरी झगा, कमरेला दोर, असे एक म्हातारे भिक्षू बाहेर आले. मी हात जोडून म्हणालो, माझी एकच मुलगी आहे, तिला तुमच्यात घेऊ नका. सिद्धेशनं जर्मनमध्ये सांगितलं, पण आधी स्वतः पोट धरून हसला. भिक्षूही हसता हसता भिंतीला टेकले. म्हणाले, "तिला? ती दर गुरुवारी माझ्याशी भांडते. आमच्या मठाला शांतता लागते हो!" मग त्यांनी आम्हाला सफरचंदाचा केक खाऊ घातला. परत येताना सिद्धेश म्हणाला, "काका, तुम्ही खरंच हात जोडलेत!" रात्री नीलिमाला कळलं. आधी रागावली, मग माझ्या गळ्यात पडून हसली.

आणि काल तिची डॉक्टरेटची तोंडी परीक्षा झाली, सगळ्यांच्या देखत. समोर पाच प्राध्यापक, मागच्या रांगेत मी. सगळं जर्मनमध्ये. मला कळत काहीच नव्हतं, फक्त तिचा आवाज तुझ्यासारखा चढला की वाटायचं, ठीक चाललंय. एका बाईंनी काहीतरी खोचक विचारलं असावं. आणि मग जर्मनच्या मध्येच माझ्या कानावर स्पष्ट शब्द आला: कटाची आमटी. मनोरमा, मी खुर्चीतून उठलोच! नंतर तिनं समजावलं. तिचा भिक्षू म्हणतो, आमटी म्हणून वेगळी वस्तू जगात कुठं नसते, ते नुसतं नाव. खरी असते ती एकेक आमटी. म्हणून ती त्यांना म्हणाली, माझ्या आईची होळीची आमटी घ्या, तिच्यासारखी दुसरी नाही, आणि 'आमटी' या शब्दात तिची चव सापडत नाही. बाई हसल्या, मान डोलावली. पोरगी पहिल्या वर्गात पास झाली. डॉक्टर नीलिमा!

मी रात्रभर त्यावर विचार केला. आपण म्हणतो, मुलींनी असं करावं, मुलींनी तसं वागावं. या 'मुली' राहतात कुठं? आपल्याला तर एकच आहे, ही.

आता पत्र का लिहिलं ते सांगतो. इथं पास झालेल्याला मित्र पुठ्ठ्याची टोपी करून घालतात, आणि त्याच्या आयुष्यातल्या वस्तू तिच्यावर चिकटवतात. हिच्या टोपीवर भिक्षूची बाहुली, कारखान्यातली काचेची नळी आणि चिमुकलं पातेलं. सगळे अंगणात जमले, टाळ्या सुरू झाल्या, आणि हिनं टोपी डोक्यावर ठेवूच दिली नाही. दोन्ही हातांत धरून म्हणाली, "ही आई घालेल." टोपी आता इथं कपाटावर आहे, मला हातही लावू देत नाही. तुला फोन करायला ती घाबरते. तू ठेवून दिलास तर, म्हणते. व्हिसाचे कागद सिद्धेश बघणार आहे, विमानात बसवायला तुझा भाऊ येईल, उतरलीस की मी समोर उभा असेन. ये म्हण, येत नाही म्हण, वाटल्यास दोन शिव्या घाल, पण मला नको, तिलाच कळव. आणि लवकर कळव गं, फोन वाजला की आम्ही दोघंही धावतो.

तुझाच,
भास्कर