लेकीनं घराला दिलेला सल्ला

चि. धाकटीस,

ताईचे पोटभर आशीर्वाद. तुझा गुडघा आता जिने चढू देतो का? इकडे आम्ही दोघं ठणठणीत, म्हणजे रोज नव्या ठिकाणी दुखतं, त्यामुळे जुन्याचा विसर पडतो. (शाळेतल्या सिस्टर सांगायच्या, पत्रात तक्रार आधी लिहू नये. लिहून झाली.)

आमच्या खारूला एका सल्लागार कंपनीनं बोलावलंय, 'स्ट्रॅटेजी'च्या कामाला. दुसऱ्याच्या धंद्यात शिरून, त्याचं कुठे चुकतंय ते त्यालाच सांगायचं. तू जन्मभर नोकरीत तेच केलंस, तुला काय समजावू? पुढच्या सोमवारी होकार-नकार कळवायचाय. पोरीला धास्ती एकच, समोरच्याला न आवडणारं तोंडावर सांगणं आपल्याला जमेल का? तिचा स्वभाव तुला ठाऊक आहे. खुर्ची मोडकी आहे हे पाहुण्यांना सांगवत नाही, म्हणून ते जाईपर्यंत स्वतःच त्या खुर्चीत बसून राहणारी मुलगी ती! तेव्हा गेल्या रविवारी तिनं ठरवलं, आधी घरालाच सल्ला देऊन पाहायचा.

सकाळीच लॅपटॉप उघडून तिनं विचारलं, "या घराचं उद्दिष्ट काय?" तुझे भावोजी म्हणाले, "नाश्ता." मग आमच्या वेगवेगळ्या, गुप्त मुलाखती झाल्या. (मी फक्त त्यांच्याबद्दल बोलले, ते फक्त माझ्याबद्दल. भिंत पातळ आहे.) नंतर ती दिवसभर आमच्या मागे मागे. फ्रीज कशाला उघडला ते आठवत मी उभी राहिले, तर त्याचीही नोंद! आपल्याकडे चहाला तीन माणसं लागतात, हा शोधही तिचाच: एक करणारं, एक 'झाला का' विचारणारं आणि एक गाळणी शोधणारं.

संध्याकाळी भिंतीवर चादर लावून, तिच्यावर लॅपटॉपमधली चित्रं पाडून तिनं सगळं दाखवलं. निदान अचूक. जेवणाच्या टेबलावर भावोजींचे पोट फाडलेले रेडिओ, म्हणून ते निवृत्त झाल्यापासून आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो. उपाय, रेडिओंना वेगळी खोली. कुठली? पुढच्या चित्रात तिचीच खोली! नोकरी घेतली तर ती सदा बाहेरगावी, खोली रिकामी. पलंग काढावा, खिडकीशी रेडिओंसाठी टेबल टाकावं.

अगं, मी त्या जेवणाच्या टेबलासाठी वर्षानुवर्षं भांडतेय, हे गृहस्थ खोलीसाठी. आणि दोघांच्या तोंडून एकदमच निघालं, "नको!"

"आई, बाबा, तुम्ही क्लायंट आहात. भावना जरा बाजूला ठेवा."

"आधी तू नाक पूस," भावोजी म्हणाले.

तिनं नाक पुसलं, पण सल्ला बदलला नाही. पलंग काढा, असं पुन्हा एकदा, आमच्याकडे बघून, शांतपणे सांगितलं. तेव्हाच मला कळलं, हे काम हिच्यासाठीच आहे. तसं मी तिला म्हणालेही. माझं काही नाही, मी अगदी खंबीर आहे.

तुझी,
ताई

ता.क. ती तुझं ऐकते. सोमवारच्या आत फोन करून सांग ना तिला, की हे काम तिच्यासारखीचं नव्हे. माझं नाव घेऊ नकोस.

आणखी एक ता.क. नको, काही सांगू नकोस. वरचं खोडलं असतं, पण कागद घाण दिसतो. तिनं विचारलं तर खरं तेच सांग. मला मात्र एवढं कळव, की त्या कंपन्यांतली मुलं दर शुक्रवारी घरी येतात. येत नसली तरी तसंच कळव.