तळाची जाडी

३ मार्च, सकाळी.
पुढच्या महिन्यात विम्यासाठी आमच्या राहत्या बोटीची तपासणी. तळाचा पत्रा कुठेही चार मिलिमीटरपेक्षा पातळ निघाला तर विमा नाही, आणि विम्याशिवाय फ्रानेकरच्या कालव्यात राहता येत नाही. बायकोने, हिल्केने, सांगून टाकलं: तसं झालं तर बोट विकायची आणि ड्राख्टन गावात तिच्या बहिणीशेजारचं रिकामं घर घ्यायचं. मी शांतपणे हो म्हटलं. ध्वनिलहरींनी जाडी मोजणारं यंत्र मागवलंय. संकल्प: स्वतःला फसवायचं नाही.

८ मार्च.
यंत्र आलं. टोक पत्र्यावर टेकवायचं. आवाज पलीकडच्या बाजूवर आपटून परत येतो, त्यावरून आकडा. मध्ये हवा राहू नये म्हणून जेल लावायचं. सोबतची बाटली सरावातच संपली. हिल्केचं केसांचं जेल घेतलं. तिला सांगणार आहे.

९ मार्च.
तिला कळलं.

१० मार्च.
जमिनीच्या फळ्या काढून आतून मोजमाप. झोपायच्या खोलीखाली ४.३. उत्तम. न्हाणीघराखाली ३.७. मी इतिहास शिकवतो, एका साक्षीवर निकाल देत नाही. पुन्हा ३.७. जेल वाढवून, यंत्र किंचित तिरकं धरून: ४.१. तेच लिहिलं.
नंतर मनात आलं, चांगले आकडे मी एकदाच का मोजतो? प्रश्न प्रामाणिक आहे. उत्तर: वेळ वाचतो.

१७ मार्च.
स्वयंपाकघराखाली ३.४. पुढे ३.१. आणखी पुढे अचानक ५.२! मुद्दाम पुन्हा मोजलं. ५.२! जुन्या कारागिरांनी चुलीच्या वजनासाठी इथे जाड पत्रा घातला असणार. चारही आकड्यांची सरासरी चारच्या वर. पास.
शेजारच्या बोटीवरचा ओने डोकावून म्हणाला, "शंभर वर्षं पाण्यात बसून लोखंड जाड झालं? अरे, आजवर ते फक्त मलाच जमलं होतं." आणि पोटावरून हात फिरवला. त्याच्याकडे यंत्र नाही.

२ एप्रिल.
हिल्केने विचारलं, "नक्की ना? बहिणीला आज उत्तर द्यायचंय, त्या घराला दुसरं गिऱ्हाईक आहे." रात्रभर विचार केला होताच. म्हटलं, नाही म्हणून कळव. तिने कळवलं.

१६ एप्रिल.
बोट पाण्याबाहेर. तपासनीस होगस्त्राबाईंना मी काढलेला तळाच्या आकड्यांचा नकाशा दिला. त्यांनी तो नीट वाचला. म्हणाल्या, "३.४, ३.१ आणि मग एकदम ५.२?" मी कारागिरांबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, "पत्रा फारच पातळ झाला की या यंत्राला पहिला प्रतिध्वनी पकडता येत नाही. ते दुसरा पकडतं, आणि आकडा दुप्पट दाखवतं."
मी म्हटलं, तुम्हीच खात्री करा.
त्यांनी टोकदार हातोडा मारला. तो आत गेला. वरून हिल्के ओरडली, "अरे, ओट्याखालून उजेड कसला येतोय?"
जवळजवळ सगळा तळ बदलावा लागेल. परवडणार नाही.
नोंद: माझे आकडे चुकीचे नव्हते. फक्त निम्मे करायचे होते.

२९ एप्रिल, ड्राख्टन.
हिल्केच्या बहिणीकडे, माळ्यावरच्या खोलीत. काहीच डुलत नाही. संकल्प: खिडकीतून शेजारच्या घराकडे बघायचं नाही.

दुपारी.
त्यांनी पिवळे पडदे लावलेत. बरे दिसतात.