बांगडीपुरतं दुखणं

आंधळगाव, १९८३
पोळ्याच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ

लिहितानाही बांगड्या वाजताहेत. वाजू देत.

धाकटीच्या जन्मानंतर अंगभर ठणका मुरला, तेव्हापासून मी काचेची बांगडी भरली नव्हती. कासारणीने पंजा दाबला की जीव जायचा. मनगटात एक सैल कडं, आणि त्यावर सगळ्या बायांच्या नजरा.

गेल्या आठवड्यात नागपूरच्या डॉक्टरांनी मानेजवळ आणि पाठीत, नसांच्या कडेने सुया दिल्या. म्हणाले, "अशा दुखण्यावर हे चालतं का, तेच पाहतोय. खरं सांगा, माझं मन राखू नका." मग अंगठ्याने खांदा दाबला. मी म्हटलं, कमी आहे. पण खरंच कमी होतं? की त्यांचा आशेने भरलेला चेहरा पाहून बोलले? आठवडाभर तेच टोचत होतं.

आज दारात कासारीण आली आणि मी हात पुढे केला. कासारणीचं मन कशाला राखायचं? सासू आतून ओरडली, "काहून जिवाले तरास करून घेऊन राहिली?"

कासारणीने नेहमीसारखाच पंजा आवळला. मी डोळे मिटून ठणक्याची वाट पाहिली. हिरवी बांगडी सरकली, मनगटात येऊन वाजली. कातडीला जरा चुरचुरलं, पण ठणका आलाच नाही.

सुईचा गुण किती दिवस टिकेल, डॉक्टरांनाही ठाऊक नाही. नाही टिकला तरी चालेल.

"दुखलं का वं?" सासूने जवळ येऊन विचारलं.

"दुखलं. पण बांगडीपुरतंच."

तिने माझ्या मनगटातली बांगडी फिरवून पाहिली. मग कासारणीला म्हणाली, "दुसराही हात भर इचा."