भुई भिजवायचं पाणी

माय, सकाळपासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. समोर उभी असताना दूध उतू गेलं. शेजारी लग्न आहे, फटाके वाजताहेत, आणि प्रत्येक बार उडाला की माझी मूठ आवळते. म्हणून लिहायला बसले. मध्ये दोनदा उठलेही.

वाटूरच्या अलीकडं, रानातलं ते पत्र्याचं शेड. लग्नावरातीची शोभेची दारू तिथं बनायची. ठिणगी उडू नये म्हणून तुम्ही बायका दारातच बांगड्या उतरवून खुंटीला अडकवायच्या, अनवाणी आत जायच्या आणि कागदाच्या नळ्यांत दारू ठासायच्या. त्याआधी भुईवर पाणी मारायचं, म्हणजे सांडलेली भुकटी पेट घेत नाही. दुष्काळाच्या साली गावच्या विहिरी खडखडीत होत्या, पण मालक भुईसाठी रांजण भरून ठेवायचा. माणसं तहानलेली आणि भुईला पाणी! मग तुम्ही आपसात ठरवलं, अर्धं भुईला, अर्धं घराला. जेवणाच्या सुट्टीत तू पदराआड चरवी घेऊन यायचीस.

त्या दुपारी चरवी ठेवून तू परत गेलीस, आणि तासाभरात मालक तुला बैलगाडीतून घेऊन येतो. कोरड्या भुईवरची भुकटी भडकली होती. तुझा उजवा हात माझ्याच्यानं बघवत नाही. मालक विचारतो, “भुईवर पाणी मारलं व्हतं का न्हाई?” चरवी त्याच्या पायाशीच आहे. खरं कळलं असतं तर साऱ्या जणींचं काम गेलं असतं. “बराबर मारलं व्हतं, मालक,” तू म्हणतेस.

तो जीप बघायला गेला तशी मी चरवी उचलून तुझ्या हातावर ओतू लागले. तू डाव्या हातानं मला ढकललंस. “वतू नको, पोरी. पेयाचं पाणी हाय.”

तुझी तीन बोटं चिकटली ती कायमची. खुंटीवरच्या बांगड्या आणायला कुणी गेलंच नाही. त्या हातात त्या चढणारही नव्हत्या. मला अजून राग येतो, मालकाचा येतो, तुझाही येतो. एवढं भाजल्यावर कुणी पाणी राखतं का?

हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून सांगते. जीप तुला जालन्याला घेऊन गेली, आणि मी तुझं ऐकलं. उरलेलं पाणी झाकून ठेवलं. मग रडता रडता सगळं मीच प्याले. फार तहान लागली होती, माय.