थोरलीचा हात कानाला पुरत नसल्याबाबत

प्रति,
मा. कल्याण अधिकारी साहेब,
कामगार वसाहत बालवर्ग,
मावळ फोर्ज अँड गिअर कंपनी,
चिंचवड.

अर्जदार : किसन भिवा ओव्हाळ, तपासनीस, गिअर खाते, टिकिट नंबर ४१७, राहणार कामगार वसाहत, चाळ क्र. ३.

विषय : माझ्या दोन्ही मुलांस एकदम बालवर्गात घेणेबाबत.

संदर्भ : ‘वर्गाच्या खिडकीबाहेर उभ्या राहणाऱ्या मुलीस घरी नेणेबाबत’ ही आपली नोटीस, दि. १६ सप्टेंबर १९७४.

महोदय,

आपली नोटीस पोचली. तीन दिवसांत खुलासा द्यावा असा हुकूम आहे, त्याप्रमाणे खुलासा देत आहे. खुलासा लिहिता लिहिता त्यातून तक्रार निघाली, तीही याच कागदावर सादर करतो.

१. खिडकीबाहेर उभी राहते ती माझी थोरली मुलगी कु. कस्तुरा. खिडकीच्या आत बसतो तो माझा धाकटा मुलगा चि. विलास. दोघांत अकरा महिन्यांचे अंतर आहे. जूनमध्ये शाळा भरली तेव्हा कस्तुरास पाच वर्षे तीन महिने झाले होते व विलासला चार वर्षे चार महिने. दोघेही चऱ्होलीस, पत्नीच्या माहेरी जन्मले. कस्तुराच्या वेळी मला ओव्हरटाइम होता, त्यामुळे जन्माची नोंद करायची राहिली. मग लगेच दुसऱ्याची चाहूल लागली. म्हटले, आता दोघांची नोंद एकाच खेपेत करून टाकू. ती खेप अजून झालेली नाही. चूक माझी आहे आणि ती मला घरात रोज दोन वेळा जेवणाबरोबर वाढली जाते.

२. दाखला नसलेल्या मुलाचे वय आपल्या बालवर्गात जुन्या रीतीने ठरवतात. उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लागला तर मूल पाच वर्षांचे, नाही लागला तर लहान. १० जून रोजी मी दोघांना घेऊन गेलो. खरे तर त्या दिवशी आई व पत्नी दोघी बाहेर गेल्या होत्या, विलासला घरी ठेवायला कोणी नव्हते, म्हणून तो बरोबर आला. बालवर्गाच्या शिक्षिका शालनबाई यांनी कस्तुरास सांगितले, “सरळ उभी राहा, मान हलवू नको.” ती खांबासारखी उभी राहिली. हात कानाच्या दोन बोटे अलीकडे थांबला. तेवढ्यात विलासने कोणी न सांगता मान खांद्यावर पाडली आणि कान धरून दाखवला. बाईंनी त्याचे नाव लिहून घेतले. मी तिथेच हरकत घेतली, तेव्हा मागे रांग मोठी आहे असे उत्तर मिळाले.

३. साहेब, मी अकरा वर्षे हातात माप तपासायचे गेज धरून आहे. नग तिरका धरला तर माप खोटे येते, हे आमच्या खात्यात काल लागलेल्या अप्रेंटिसलाही कळते. इथे सरळ धरलेला नग नापास झाला आणि तिरका धरलेला पास. शिवाय आमच्याकडे नापास नग दुरुस्तीला पाठवता येतो. मुलीचा हात मी कोणत्या खात्यात पाठवावा, याचे मार्गदर्शन व्हावे. माझी आई सोजरबाई हिचे म्हणणे, “आखूड हाताची बाई संसाराला बरी, ऱ्हाऊ दे घरीच.” आईपुढे मी बोलत नाही, म्हणून आपल्यापुढे बोलत आहे.

४. एका कामगाराचे एका वर्षी एकच मूल घ्यायचे असा बालवर्गाचा नियम आहे. जागा विलासने घेतल्यामुळे कस्तुरास पुढच्या वर्षी आणा असे सांगण्यात आले. म्हणजे थोरली बहीण धाकट्या भावाच्या एक इयत्ता मागे, आणि तीही दाखल्यावर कायमची.

५. आता खिडकीचा खुलासा. विलास बहिणीशिवाय पाऊल टाकत नाही. पहिल्या दिवशी तो इतका रडला की शेजारच्या दवाखान्यातून कंपाउंडर बघायला आला. म्हणून कस्तुरा त्याला पोचवायला जाऊ लागली आणि त्याला दिसावी म्हणून खिडकीशी थांबू लागली. बाई फळ्यावर अक्षर काढतात, कस्तुरा ते बाहेर मातीत काढते. बाई प्रश्न विचारतात, उत्तर खिडकीतून येते. विलास या वेळी बहुधा झोपलेला असतो. तरीही जुलैच्या प्रगतिपत्रकात त्याला ‘उत्तम, आवाज खणखणीत’ असा शेरा मिळाला आहे. तो आवाज कोणाचा, हे तपासनिसाला सांगावे लागत नाही.

६. एक गोष्ट नोटिशीत नाही, पण प्रामाणिकपणे कळवतो. ऑगस्टमध्ये दोन दिवस विलास खिडकीबाहेर गोट्या खेळत होता आणि त्याची टोपी व सदरा घालून कस्तुरा आत बसली होती. हा बेत दोघांनी आपसांत केला, मला तिसऱ्या दिवशी समजले. शालनबाईंनी मला रस्त्यात थांबवून सांगितले, “विलासमध्ये खूपच सुधारणा आहे हो.” मी हो म्हणालो. खोटे बोललो असे मला वाटत नाही, पण खरेही बोललो नाही. त्याबद्दल माफी असावी.

७. सबब दोघांनाही घ्यावे अशी विनंती आहे. नियम आडवा येत असल्यास दुसरा तोडगा सुचवतो. आमच्या खात्यात एका मशीनवर तीन शिफ्टला तीन माणसे काम करतात, म्हणून कोणी मशीन तीन आहेत असे म्हणत नाही. त्याच धर्तीवर बालवर्गातील एका जागेवर मधल्या सुट्टीपर्यंत कस्तुरा व सुट्टीनंतर विलास बसेल. खाऊ सुट्टीनंतर वाटतात, त्यामुळे विलासची हरकत नाही. हजेरीपटावर फक्त ‘ओव्हाळ’ लिहावे. तेही जमत नसेल तर खिडकीच हजेरीपटावर घ्यावी व बाहेर एक पाट ठेवण्यास परवानगी द्यावी. पाट माझा.

८. इथवर लिहून मी अर्ज पत्नी गिरजाबाई हिला वाचून दाखवला. शिफ्टच्या कलमाला ती हसेल असे वाटले होते. ती हसली नाही. भाकरी तव्यावर तशीच ठेवून म्हणाली, “मला बी असंच थांबवलं व्हतं. भाऊ लहान हाय, त्याला सांभाळ, पुढच्या वर्षी तुला घालू. ते पुढचं वरीस काय आलं न्हाई. भाऊ आज तलाठी हाय, सातबारा काढायला मी त्याच्याकडं जाते आन अंगठा करते. तुमी साहेबाला इनोद लिवताय व्हय?” भाकरी करपली. ती भाकरी मी खाल्ली आणि मग पुन्हा लिहायला बसलो.

९. म्हणून वर लिहिलेला विषय रद्द समजावा. कागद एकच आहे, खाडाखोड बरी दिसत नाही, म्हणून तो तसाच ठेवला आहे. दोघांना घ्या असे आता म्हणत नाही. शिफ्ट नको, पाटही नको. जागा एकच असेल तर ती कस्तुराची. विलासचे नाव कमी करावे. तो चार वर्षांचा आहे, त्याने चार वर्षांच्या मुलासारखे घरी राहावे आणि पुढच्या जूनमध्ये यावे. तो रडेल. कंपाउंडरला मी आधी सांगून ठेवीन. त्याला सांभाळायला आजी आहे, आणि आजीला काय सांगायचे ते गिरजाबाईने आजच सांगितले आहे.

१०. मुलीचे वय खोटे वाटत असल्यास तिला पुन्हा उभे करावे. मी तिला मान वाकवायला शिकवू शकलो असतो. शिकवलेली नाही आणि शिकवणार नाही. ती सरळच उभी राहील, माप आपण ठरवावे. आणि जागा मिळेपर्यंत तिला खिडकीतून हटवू नये, एवढी माझी मागणी आहे. ती विनंती म्हणून लिहायची असते हे मला माहीत आहे.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
किसन भिवा ओव्हाळ
दिनांक १९ सप्टेंबर १९७४

सोबत :
(१) दोन्ही मुलांच्या हातांची व मानांची मापे, मिलिमीटरमध्ये, आकृतीसह.
(२) विलासचे जुलैचे प्रगतिपत्रक, ज्याचे असेल त्याला परत करण्यासाठी.
(३) मुलीच्या आईची संमती. खाली डाव्या हाताचा अंगठा आईचा आहे. अंगठ्याशेजारी लिहिता येणाऱ्याने नाव लिहायचे असते. मी पेन उघडत होतो, पण त्याआधीच कस्तुराने ते घेतले. ‘गिरजा’ हे अक्षर तिचे आहे.