एक मिनिट स्तब्ध

प्रभादेवी, मुंबई
रविवार, ११ ऑगस्ट २०२४

प्रिय पप्पा,

नमस्कार. पत्र बघून दचकू नका, घरी सगळं ठीक आहे. आईचा गुडघा पावसाळ्यात धरतो, तेवढंच. मी अकरावीला कॉमर्स घेतलं. तुमचा पत्ता आत्याने दिला. फोन नंबरही दिला होता, पण तुमचा आवाज आला की मी फोन कट करणार हे मला माहीत आहे. म्हणून लिहिते आहे.

शीवला पाणी भरल्याचं बातम्यांत दाखवत होते. तुमच्या बिल्डिंगमध्ये नाही ना शिरलं? तुमचा छोटा अर्णव कसा आहे? तो पाण्याला घाबरतो असं आत्या म्हणाली. त्याला ओरडू नका. मीही घाबरायचे, तुम्ही विसरला असाल. पूलमधून बाहेर आले की तुम्ही रुमालाचं टोक पिळून माझ्या कानातलं पाणी काढायचा. त्या रुमालासाठी मी पाण्यात उतरायचे.

त्या दिवशी तुम्ही दादरच्या हॉलमध्ये का आलात हे मी विचारणार नाही. पण तुम्ही जे बघितलंत ते कसं झालं, हे तुम्हाला कळायला हवं.

बँकॉकच्या वयोगटाच्या स्पर्धेसाठी आठशे मीटर फ्रीस्टाइलमध्ये माझी निवड झाली. निवड फेडरेशनची, खर्च आपला. आईच्या पगारात ते बसणारं नव्हतं. ती ऑफिसातून कर्ज काढते म्हणाली, मीच नको म्हटलं. मग आमच्या खालच्या मजल्यावरचे अण्णा पुढे आले. अण्णा पोस्टातून रिटायर झालेत आणि इथलं मंडळ चालवतात. म्हणाले, "मनू, आपल्या गल्लीतली पोरगी पैशापायी घरी बसली तर मंडळ काय फक्त गणपतीपुरतं आहे का?" नूपुर माझ्याबरोबर पोहते, व्हिडिओ छान करते. ती म्हणाली, मी एक शूट करते, सगळ्या ग्रुपवर टाकू.

गिरगाव सोडून आम्ही इथे आलो तेव्हा आईने कोणाला काही सांगितलं नव्हतं. आईचा गळा रिकामा होता, तो बघून लोकांनी आपापलं समजून घेतलं. शूट करताना नूपुरने विचारलं, घरी कोण कोण असतं? मी म्हटलं, "मी आणि आई. पप्पा गेले तेव्हा मी अकरा वर्षांची होते."

यात खोटं काही नव्हतं, पप्पा. तुम्ही गेलातच होता. पण नूपुरचे डोळे भरून आले आणि तिने व्हिडिओखाली लिहिलं, 'वडिलांचं छत्र हरपूनही ही मुलगी थांबली नाही.' शब्दच तसा निघाला, मी तरी काय करणार, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं.

पैसे यायला लागले. परळच्या एका निवृत्त साहेबांनी, ज्यांना मी कधी बघितलंही नव्हतं, माझ्या वडिलांच्या स्मरणार्थ म्हणून मोठी रक्कम दिली. अण्णांनी माझ्या सत्कारासाठी दादरला हॉल घेतला आणि तुमचा फोटो मागितला. आई म्हणाली, घरात एकही नाही. माझ्या मोबाइलमध्ये होता. पूलच्या काठावर तुम्ही माझी ओली कॅप हातात धरून हसताय, तो. त्यातून मी मला कापलं आणि उरलेला अण्णांना पाठवला. फ्रेम त्यांनी स्वतःच्या खर्चाने केली. हार घातलेला मी थेट हॉलमध्येच बघितला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. तरी लिहिते, कारण मी स्टेजवर होते आणि तिथून ते वेगळं दिसत होतं.

अण्णा माइकवर म्हणाले, "लेकीचं कौतुक बघायला आज कैलासवासी मनमोहन तळपदे हवे होते," आणि सगळ्यांना एक मिनिट स्तब्ध उभं राहायची विनंती केली. खुर्च्या सरकल्या. मान खाली घालण्याआधी मी समोर बघितलं, तर दाराशी, पाण्याच्या जारजवळ तुम्ही. निळा शर्ट, हातात ओली छत्री. तुम्ही एकदा फोटोकडे बघितलंत, एकदा माझ्याकडे. मला वाटलं, आता तुम्ही ओरडणार. सगळ्यांसमोर विचारणार, हे काय चाललंय म्हणून. मी वाट बघत होते, खरंच.

तुम्ही मान खाली घातलीत. सगळ्यांसारखे हात पुढे बांधून स्वतःसाठी उभे राहिलात.

मग लोक एकेक करून स्टेजवर येऊन पाकिटं देत होते, त्यात तुम्हीही आलात. अण्णांनी विचारलं, "आपण?"

"गिरगावचा. लहानपणी हिला पोहताना बघितलंय."

"मग मनमोहनरावांना ओळखत असाल!"

"थोडंफार," तुम्ही म्हणालात.

अण्णा म्हणाले, "मनू, पाया पड गं." मी वाकले. तुमच्या चपलेचा अंगठा तुटून शिवलेला होता. तुमचा हात डोक्यावर आला आणि तुम्ही म्हणालात, "नीट जा. नीट ये." मी मान वर केली, आणि आई बाजूलाच दगडासारखी उभी असताना तुम्हाला म्हटलं, "थँक यू, काका."

हे लिहायला मला इतके दिवस लागले. बाकीचं सगळं आधी लिहून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला मी अर्ध्या लेनमध्ये थांबले. श्वास पुरेना. नूपुर पोहत जवळ आली, "क्रॅम्प आला का?" तिथेच, दोरी धरून, मी तिला सांगितलं की माझे वडील शीवला राहतात आणि काल हॉलमध्ये होते. तिला आधी कळेचना. कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मी तुला दाखवलं होतं, मनवा. टाकायच्या आधी. विचारलं होतं, हे बरोबर आहे ना?"

हो, पप्पा. दाखवलं होतं. ती ओळ मी दोनदा वाचली आणि म्हटलं, "हो, टाक." नूपुरची चूक नव्हती, शब्दाचीही नव्हती. मला त्या वेळी कळलं होतं की सोडून गेलेल्या बापाच्या मुलीला लोक इतके पैसे देणार नाहीत. आणि अजून एक. ती ओळ वाचून मला बरं वाटलं होतं. मेलेला माणूस परत येत नाही, त्याची वाट बघावी लागत नाही.

नूपुर अजून माझ्याशी बोलत नाही. लेनसुद्धा बदलून घेतलीय तिने.

पूलवरून मी तशीच ओल्या केसांनी अण्णांकडे गेले. ते पेपर वाचत होते. ऐकून त्यांनी चष्मा काढला. "माणूस जिवंत आहे, आणि मी त्याच्या फोटोला हार घातला?" मग म्हणाले, "तो गिरगावचा म्हणून पाकीट देऊन गेला, तोच का? आणि मी त्यालाच विचारलं, मनमोहनरावांना ओळखता का." त्यांना दरदरून घाम आला. त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, पंखा मोठा केला. मी तिथेच उभी. बस म्हणाले नाहीत.

संध्याकाळी तेच वर आले. "चल. ज्याने ज्याने दिलेत त्या प्रत्येकाला तू तोंडाने सांगायचं. मी बरोबर येतो, बोलणार नाही." आम्ही दारोदार गेलो. काहींनी "जाऊ दे गं, पोहणं तर खरं आहे ना" म्हणून आत बोलावलं. ते जास्त कठीण गेलं. सुंदराबाई, ज्या रोज देवळाबाहेर फुलं विकतात, म्हणाल्या, "बापाला मारून पैसे गोळा केलेस होय?" आणि दार लावून घेतलं. पैसे मात्र त्यांनी परत मागितले नाहीत. परळच्या साहेबांनी घेतले. ते म्हणाले, "माझी मुलगी गेली त्या वर्षी मीही असाच एका हॉलमध्ये उभा होतो." अण्णांनीच नमस्कार केला आणि मला बाहेर आणलं.

राहिलेल्या पैशांत जाता येत नव्हतं, आणि आलं असतं तरी मी गेले नसते. तेही सगळे परत केले. माझ्या जागी पुण्याची एक मुलगी गेली. सहावी आली. चांगली पोहते ती.

आईचं सांगू की नको, कळत नाही. तिने तो व्हिडिओ पहिल्या दिवशीच बघितला होता. मला वाटलं होतं, ओरडेल. ती भाजी निवडत म्हणाली, "राहू दे. टाकलेली म्हणून बघतात, त्यापेक्षा हे बरं." मी दारोदार सांगून घरी आले तेव्हा ती जेवायची थांबली होती. म्हणाली, "तुझं खोटं तू परत केलंस, बरोबर केलंस. पण त्याबरोबर माझंही देऊन आलीस. मला एकदा विचारलंस?" मला हे सुचलंच नव्हतं, पप्पा. मला वाटलं होतं, खरं बोललं की संपतं. आता ती कोणी भेटू नये म्हणून ऑफिसला लवकर निघते. काल मात्र जिन्यात काकूंशी थांबून काहीतरी बोलत होती. काय ते मी विचारलं नाही.

तुमचं पाकीट तेवढं राहिलं. नावपत्ता नव्हता, म्हणून अण्णांनी माझ्याकडे दिलं. मी ते उघडलेलं नाही. तुम्हाला परत पाठवणार होते, पत्राबरोबर. मग वाटलं, पाठवलं की आपला हिशेब मिटला असं होईल, आणि तो मिटलेला नाही. तुम्ही गेलात त्याचा राग माझ्या मनात आहे तसा आहे. मी तुमच्याशी जे केलं त्याने तो कमी झाला नाही, फक्त आता मला तो मोठ्याने बोलायला तोंड उरलेलं नाही.

'माफ करा' असं लिहून बघितलं. पण त्या शब्दाखाली मी 'काका' म्हटलेलंच ऐकू येतं. म्हणून खोडलं.

डिसेंबरात दादरलाच जिल्हा स्पर्धा आहे. कोणाकडे काही मागावं लागत नाही, चालत जाता येतं. तुम्हाला यायचं असेल तर या. अर्णवला आणलंत तरी चालेल. दाराशी उभे राहू नका, आत येऊन बसा. मी आईला सांगून ठेवलंय. ती म्हणाली, "येऊ दे. मी समोरच्या बाजूला बसेन."

आणि कोणी विचारलं, आपण कोण, तर या वेळी खरं सांगा. मी स्टार्टिंग ब्लॉकवर असेन, ऐकू येणार नाही कदाचित. तरी सांगा.

तुमची मुलगी,
मनवा मनमोहन तळपदे