अंगाला लागलेल्या गोळ्या

ताई, इथूनच तुझ्या पाया पडतो.

फोटो बघून आई खूश झाली म्हणतेस. ‘तिकडचं खाणं लेकराच्या अंगाला लागलं,’ असं म्हणू दे तिला. डोक्याच्या गोळ्यांनी अंग सुटलंय, हे तुझ्यापाशीच राहू दे.

काम बरं चाललंय. फक्त उंच इमारतींच्या काचा पुसताना बांधायचा पट्टा आता माझ्या पोटाला पुरत नाही. मुकादम म्हणाला, “पैलवान, तुला दोरी नाही, क्रेन लागेल!” सगळे हसले, म्हणून मीपण हसलो. आता खाली उभा राहून बादल्या भरतो. वाईट वाटायला पाहिजे होतं, पण काही वाटलंच नाही.

गोळ्या सोडू का, असं डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “आपल्या मनानं सोडू नकोस. आपण गोळी बदलून बघू. तोवर चहातली साखर सोड आणि रोज चाल.” चालतो. पण भूक काही केल्या जात नाही.

आईचे गुडघे कसे आहेत? तुझ्या छकुलीला दात आले का?

तू काळजी करू नकोस. मागं वर चढलो की खाली उडी टाकावीशी वाटायची, ते तुला कधी बोललो नव्हतो. आता तसं वाटत नाही. म्हणून गोळी रोज घेतो.

तुझा जाड्या भाऊ